फिरत्या घराचे बोलके दिवे

मोटारीचा प्रवास ही आतां आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांना नवलाईची गोष्ट राहिलेली नाहीं. परंतु अवघें बिऱ्हाड मोटारींत घालून प्रवासाला निघणें ही मात्र अजून नवलाईच आहे. ज्या गाडीला मोटर-होम किंवा कॅरव्हॅन म्हणतात, ती म्हणजे चाकांवरचें घर. निजण्यास बाकें, लहानसा ओटा, पाण्याची टांकी, शीतपेटी, आणि हें सर्व वाहून नेण्यास डिझेलचें एंजिन. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि अशा गाड्या आपल्याकडेही दिसूं लागल्या. एकत्र कुटुंबास ही सोय मानवण्यासारखी आहे. वृद्धांना वाटेल तेव्हां आडवें होतां येतें, मुलांना वेळेवर खावयास मिळतें, आणि ज्यांना बाहेरचें अन्नपाणी चालत नाहीं त्यांचीही अडचण होत नाहीं.

परंतु घर संभाळणारीला जसें चुलीकडे, दुधाकडे आणि दाराकडे एकाच वेळीं लक्ष ठेवावें लागतें, तसें या फिरत्या घरांतही चालकासमोरच्या फलकाकडे कोणाचें तरी जाणतें लक्ष असावें लागतें. त्या फलकावर लहान लहान चित्रांचे दिवे असतात. एरवीं ते विझलेले असतात, म्हणूनच त्यांची ओळख करून घ्यावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्याही आलें नव्हतें. गेल्या वैशाखांत जळगांव ते धुळें या सुमारें नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांच्या वाटेवर तें आम्हांला शिकावें लागलें. त्यांत दोष आमचाच होता, म्हणून ती हकीकत सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

एका पिवळ्या दिव्याची हकीकत

आमच्या पुतण्यानें एक वापरलेली डिझेल प्रवासी गाडी घेऊन, परिवहन खात्याची रीतसर मंजुरी मिळवून, तिचें फिरतें घर करून घेतलें. गाडी २०२० नंतरची, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ या प्रदूषण-नियमांप्रमाणें बांधलेली. सारा चैत्र ती दारांतच उभी होती. जळगांवचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. पारा चव्वेचाळीस अंशांवर गेला कीं मुलें गाडींत जाऊन बसत, आणि गार हवेसाठीं एंजिन तास-तासभर जागच्या जागीं चालू राही. संध्याकाळीं मेहरूण तलावापर्यंत एक फेरी, क्वचित् बाजारांत एक. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक गाडी सलग कधीं धांवली नाहीं.

याच सुमारास फलकावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. पुतण्यानें गाडी एका ठिकाणीं दाखवली. तेथें एक यंत्र जोडून दिवा घालवून देण्यांत आला. तो कां लागला होता हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. दिवा विझला म्हणजे दोष गेला, असें धरून आम्ही स्वस्थ राहिलों.

वैशाखांत काकूंच्या वडील बंधूंचें धुळ्यास सहस्रचंद्रदर्शन होतें. काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर; छातीचें जुनें दुखणें, ऊन मुळींच सोसत नाहीं. बहीण-भावांची गांठ दोन वर्षांत पडली नव्हती, आणि पुढें पडेल कीं नाहीं हें कोणी सांगावें, असें दोघेंही म्हणत. काकूंना निजून जातां यावें म्हणूनच फिरतें घर काढावयाचें ठरलें. सकाळीं सहाला निघावयाचें. परंतु आमच्यासारख्या चौदा माणसांच्या घरांत सहाचे नऊ होण्यास वेळ लागत नाहीं. पाळधी मागें पडली, आणि एरंडोल जवळ येत असतां पिवळा दिवा पुन्हां लागला. या वेळीं त्याच्या सोबतीला दुसरा होता. ठिपक्यांनीं भरलेल्या डब्यासारखा दिसणारा.

“तोच आहे,” पुतण्या म्हणाला. “मागें घालवला होता, पुन्हां आला.”

एरंडोल सोडल्यावर गाडीचा जोर ओसरला. पाय कितीही दाबला तरी कांटा चाळिसाच्या पुढें जाईना. प्रत्येकानें आपापलें मत दिलें. धाकटे बंधु म्हणाले, असेंच हळूहळू धुळें गांठूं. दुसऱ्या कोणाला परत फिरणें बरें वाटलें. काकू पडल्या पडल्या ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, मला त्या दिव्यांतलें कांहीं कळत नाहीं. पण आपल्याला बरें नाहीं असें गाडी दोनदां सांगते आहे ना? मग तिला होतें आहे तरी काय, हें उतरून पाहा कोणी.”

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्याशेजारीं निंबाची सावली पाहून गाडी थांबवली. एंजिन बंद करून दहा मिनिटें जाऊं दिलीं आणि तेल मोजण्याची काडी ओढून पाहिली. तेल कमी असेल अशी सर्वांची अपेक्षा. तें वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतें. पाण्यासारखें पातळ, आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास येत होता. एस.टी.च्या कार्यशाळेंत जन्म काढलेले एक परिचित गृहस्थ धुळ्यास असतात. त्यांना दूरध्वनि केला. ते म्हणाले, “तेल बदलल्याशिवाय आतां किल्लीला हातही लावूं नका. ओढून आणा.”

तेव्हां जिच्या सोयीसाठीं एवढी गाडी काढली, त्या काकूंना सुनेच्या सोबतीनें साध्या एस.टी.च्या बसमध्यें बसवून देण्याची पाळी आली. दुपारच्या उन्हांत त्या बसची पायरी चढल्या, तेव्हां आम्हां पुरुषमंडळींना एकमेकांकडे पाहवेना. त्या सुखरूप पोहोंचल्याचा निरोप येईपर्यंतचे दीड-दोन तास आम्हीं कसे काढले तें आमचें आम्हांस ठाऊक. आम्ही स्वतः ओढगाडीच्या मागून दिवेलागणीला धुळ्यास पोहोंचलों.

झालें काय होतें?

डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जें एंजिन यशस्वी करून दाखवलें, त्याचें तत्त्व असें कीं हवा इतकी दाबावयाची कीं तिच्याच उष्णतेनें तेल पेटावें. या पद्धतींत काजळी निघते. ती बाहेर पडूं नये म्हणून बी.एस.-६ च्या डिझेल गाड्यांत धुराच्या नळींत एक गाळणी बसवलेली असते, तिला डी.पी.एफ. म्हणतात. ही गाळणी भरत आली कीं एंजिन थोडें अधिक डिझेल सोडून ती सुमारें सहाशें अंशांपर्यंत तापवतें आणि आंतील काजळी जाळून टाकतें. परंतु त्यासाठीं गाडी हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटें तरी बऱ्या वेगानें सलग चालावी लागते.

आमची गाडी चालतच नव्हती. गार हवेसाठीं उभ्या गाडीचें एंजिन चालवल्यानें काजळी सांचत गेली. आणि लहान लहान फेऱ्यांमुळें ती जाळण्याचें काम दर वेळीं अर्ध्यावर राहिलें. त्यासाठीं सोडलेलें जादा डिझेल न जळतां खालच्या तेलांत उतरलें. म्हणून तेल वाढलें, आणि वाढतांना पातळही झालें. पातळ तेल धातूचें रक्षण करीत नाहीं. शिवाय तें फार वाढल्यास एंजिन स्वतःचेंच तेल ओढून जाळूं लागतें, आणि किल्ली काढून घेतली तरी बंद न होतां भरधांव फिरत राहतें. गाडींत चौदा माणसें असतां हा प्रसंग आमच्यावर आला नाहीं, ही ईश्वराची कृपा.

धुळ्यास तेल आणि त्याची गाळणी बदलली. आणि मगच, मोकळ्या अंगणांत, यंत्राच्या आज्ञेनें काजळी जाळण्यांत आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीं जाळणें आणि मग तेल बदलणें हें धोक्याचें. काम संपलें तेव्हां दिवा आपोआप विझला. पहिल्यांदा तो लागला त्याच दिवशीं गाडी मोकळ्या हमरस्त्यावर अर्धा तास फिरवून आणली असती, तर बहुधा एवढ्यावरच भागलें असतें. आम्हीं मात्र सांगणाऱ्याचें तोंड बंद केलें.

रंगांची भाषा

या दिव्यांची रंगभाषा बहुतेक सर्व गाड्यांत सारखीच असते. हिरवा आणि निळा म्हणजे अमुक वस्तु चालू आहे एवढीच वर्दी. निळा हा दूरवर पडणाऱ्या प्रकाशझोताचा. पिवळा म्हणजे दोष आहे, लवकर लक्ष द्या. तांबडा म्हणजे सुरक्षित जागा दिसतांच थांबा. पिवळा दिवा स्थिर असण्याऐवजीं उघडझांप करूं लागला, तर पुष्कळ गाड्यांत दोष बळावल्याची ती खूण असते. अशा वेळीं वेग कमी करून शक्य तितक्या लवकर थांबावें.

किल्ली पहिल्यांदा फिरवली कीं बहुतेक सर्व दिवे क्षणभर लागतात आणि एंजिन सुरू झालें कीं विझतात. ही त्यांची हजेरी होय. जो दिवा हजेरीलाही लागत नाहीं तो स्वतःच बिघडलेला असण्याचा संभव असतो, आणि असा मुका दिवा तांबड्या दिव्यापेक्षांही घातक.

तांबड्या दिव्यांत अग्रमान तेलाच्या झारीचा. तेलाचा दाब पडल्याची ती खूण आहे. हा दिवा चालत्या गाडींत लागला तर मिनिटभराचा विलंबही एंजिनाच्या जिवावर बेततो. थांबावें, एंजिन बंद करावें, तेल पहावें. आणि तेल पुरेसें असूनही दिवा जात नसेल तर गाडी पुन्हां सुरू करूं नये.

दुसरा दिवा पाण्यांत बुडवलेल्या उष्णतामापकाचा. चाळीसगांवाहून कन्नडचा घाट चढतांना, भरलेलें फिरतें घर आणि वैशाखाचें ऊन, अशा वेळीं याच्याशीं गांठ पडते. कांटा वर सरकूं लागतांच गार हवेचें यंत्र बंद करून उबेचें यंत्र पूर्ण चालू करावें; माणसांना त्रास होतो, पण एंजिनाची उष्णता उतरते. तांबडा दिवा लागलाच तर मात्र थांबावें. रेडिएटरचें झांकण गरम असतां कधींही उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें. तें उसळून तोंड-हात भाजतात.

तिसरा बॅटरीचा. याचा अर्थ बॅटरी भरली जात नाहीं. पुष्कळदां कारण तुटलेला किंवा सैल पट्टा असतो. आणि कांहीं एंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तेव्हां बॅटरीच्या दिव्यामागोमाग उष्णतेचा दिवा येत असेल, तर दोन आजार न समजतां एकच समजावा.

पिवळ्यांत वेटोळ्या तारेचा दिवा डिझेलचा खास. थंडींत आंतील हवा तापवण्याचें काम चालू आहे, तो विझेपर्यंत थांबून मग एंजिन सुरू करा, असें तो सांगतो. हिवाळ्यांत धुळ्याचा पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हां त्याची किंमत कळते. थेंब दाखवणाऱ्या गाळणीचा दिवा म्हणजे डिझेलांत पाणी. पावसाळाभर अर्धी टांकी ठेवून गाडी उभी केली कीं असें होतें. गाळणीच्या तळचा स्क्रू सैल करून तें पाणी काढावें लागतें. आणि एक दिवा युरियाचा. धुरांतील विषारी वायु मारण्यासाठीं पुष्कळ नव्या डिझेल गाड्यांत साडेबत्तीस टक्के युरियाचें शुद्ध पाणी वेगळ्या टांकींत भरतात. तें संपूं दिल्यास, कांहीं गाड्या एकदां बंद केल्यावर पुन्हां सुरूच होत नाहींत. हें पाणी डिझेलच्या टांकींत चुकूनही ओतूं नये. ज्या घरांत गाडीला हात लावणारे पांच-सहाजण आहेत, तेथें दोन्ही झांकणांवर ठळक अक्षरांत नांवें लिहून ठेवणें बरें.

क्रमांक म्हणजे निदान नव्हे

अलीकडच्या गाड्यांत एंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो. कोठें कांहीं बिनसलें कीं तो एक क्रमांक नोंदवून ठेवतो आणि दिवा लावतो. सुकाणूच्या खालच्या बाजूस सोळा छिद्रांची एक खांचणी असते. तींत स्कॅनर हें यंत्र जोडलें कीं तो क्रमांक वाचतां येतो. अमेरिकेंत ही पद्धति १९९६ सालापासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडेही आतां ती सर्वत्र आहे. आमच्या गाडीचा क्रमांक होता पी २४६३. अर्थ, गाळणींत काजळी फार सांचली.

येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. क्रमांक लक्षण सांगतो, कारण सांगत नाहीं. पी ००८७ याचा अर्थ डिझेलचा दाब कमी पडतो. तो कमी कशानें पडतो? डिझेलची गाळणी तुंबली असेल, एखाद्या नळींतून हवा शिरत असेल, पंप झिजला असेल, किंवा दाब मोजणारें उपकरणच खोटें बोलत असेल. गाळणी थोडक्या पैशांत बदलते. पंपाला मोठी रक्कम पडते. जो कारागीर क्रमांक वाचतांच पंप मागवतो, त्याला आधीं गाळणी पाहिली काय, असें नम्रपणें विचारावें. ताप आहे एवढें उष्णतामापक सांगतें. तो हिंवतापाचा कीं विषमज्वराचा, हें वैद्यानें ठरवावयाचें.

यंत्रानें दिवा घालवणें हें निदानानंतरचें काम आहे, आधींचें नव्हे. क्रमांकासोबत तो नोंदला गेला त्या क्षणींचा वेग, उष्णता, भार हीही माहिती बहुधा सांठवलेली असते. दिवा घालवला कीं तीही पुसली जाते, आणि पुढच्या कारागिराच्या हातीं कांहीं उरत नाहीं. म्हणून क्रमांक लिहून घेतल्याशिवाय तो कोणासही पुसूं देऊं नये.

फिरत्या घराची एक अडचण साध्या मोटारीला नसते. तिच्यांत बॅटऱ्या बहुधा दोन. एक एंजिन सुरू करण्यासाठीं, दुसरी घरांतील दिवे, पंखा, शीतपेटी यांसाठीं. त्यांची जोडणी मागाहून केलेली असते. एखादी तार सैल झाली, किंवा रात्रभर शीतपेटीनें भलत्याच बॅटरींतून वीज ओढली, तर सकाळीं एकमेकांशीं संबंध नसलेले चार दिवे एकदम लागतात. अशा वेळीं चार दोष शोधूं नयेत. आधीं बॅटरीचीं टोकें घट्ट आहेत काय, आणि दाब किती आहे तें पहावें. बंद गाडींत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि एंजिन चालू असतां साडेतेरा ते साडेचौदा. पी ०५६२ हा क्रमांक नेमकें हेंच सांगतो कीं वीज कमी पडते आहे.

पाहण्याचा क्रम

आमचे धुळ्याचे गृहस्थ सांगतात तो क्रम असा. प्रथम रंग पाहावा, आणि थांबावयाचें कीं चालावयाचें तें त्यावरून ठरवावें. मग गाडी सपाट जागीं उभी करावी. पायाखालीं वाळलें गवत किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या नसाव्यात, कारण तापलेल्या धुराच्या नळीनें त्या पेट घेतात. त्यानंतर डोळे, नाक आणि कान. खालीं कांहीं गळतें काय, जळकट वास येतो काय, शिटीसारखा आवाज येतो काय, धूर काळा कीं पांढरा. मग तेल, पाणी, पट्टा, बॅटरीचीं टोकें, आणि हवेची गाळणी. आपल्या काळ्या मातीची धूळ ती फार लवकर भरते. हें सर्व झाल्यावर स्कॅनर, आणि स्कॅनरनंतर गाडीसोबत मिळालेली पुस्तिका. कारण एकाच चित्राचा बारीक अर्थ गाडीगणिक बदलतो.

यांतील स्कॅनरपर्यंतच्या कोणत्याही पायरीला कारागीर लागत नाहीं. घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनीं हें एका रविवारीं शिकून घ्यावें. आमच्याकडे आतां तें काम दोघी पुतण्यांकडे आहे, आणि त्या तें पुरुषांपेक्षां नीट करतात.

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा दुसऱ्या दिवशीं सकाळीं यथासांग झाला. काकूंनीं भावाला ओवाळलें, आणि दोघेंही बराच वेळ एकमेकांचे हात धरून बसलीं होतीं. आमच्या मनांत मात्र एकच विचार घोळत होता. काकूंनीं उतरून पाहा असें म्हटलें नसतें, तर आम्ही तसेच पुढें निघालों असतों.

परत आल्यावर काकूंनीं आपल्या हिशेबाच्या वह्यांतील एक कोरी वही गाडींत ठेवावयास दिली. तींत चार रकाने आखले आहेत: तारीख, कोणता दिवा, त्या वेळीं गाडी काय करीत होती, आणि कारण काय निघालें. चौथा रकाना भरल्याशिवाय दिवा घालवावयाचा नाहीं, असा आमच्या घरचा नियम झाला आहे. आजवर तींत तीनच नोंदी आहेत, आणि तीनही ओळींत चौथा रकाना भरलेला आहे.